तुम्ही विचारलंत म्हणून : ती घोरपड खरोखर सात मीटरांची होती का?

ऑस्ट्रेलियातील नामशेष प्राण्यांविषयी मी कुठेही बोललो, की शेवटी एक प्रश्न हमखास येतो: "सर, ती मेगालेनिया खरंच सात मीटरांची होती का?" विचारणाऱ्याला होकार हवा असतो, आणि मला तो देता येत नाही, कारण या नामशेष, अवाढव्य घोरपडीचा पूर्ण सांगाडा आजवर मिळालेला नसल्याने तिची लांबी हिशेबानेच काढावी लागते.

तो हिशेब मणक्यांपासून सुरू होतो. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आपल्याकडच्या घोरपडीचा एक सांगाडा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा येण्याच्या कितीतरी आधीचा. त्यातील करंगळीच्या पेराएवढा मणका बोटांत धरला, तर पुढची बाजू वाटीसारखी खोलगट आणि मागची गोटीसारखी गुळगुळीत लागते. एकाची गोटी मागच्याच्या वाटीत बसते. असेच, पण अवाढव्य मणके क्वीन्सलँडमधील डार्लिंग डाऊन्स या भागातून लंडनला पोहोचले आणि 'डायनासोर' हा शब्द घडवणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी 1859 मध्ये त्यांवरून मेगालेनियाचे वर्णन केले. आज बहुतेक अभ्यासक तिला घोरपडीच्या 'व्हॅरानस' या प्रजातीतच ठेवतात, त्यामुळे तिला घोरपड म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

ओवेन यांची गफलत पुढे झाली. त्याच भागात सापडलेली शिंगे असलेली कवटी आणि हाडांच्या कड्यांनी मढलेली शेपटी त्यांनी याच प्राण्याच्या माथी मारली, आणि काही काळ ही घोरपड शिंगांसह शास्त्रीय साहित्यात वावरली. ती कवटी कासवाची आहे, हे 1887 मध्ये थॉमस हक्सली यांनी दाखवले. पायाची म्हणून जोडलेली काही हाडेही कांगारूंच्या गणगोतातील शिशुधान (पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्या) प्राण्याची निघाली. (त्या कासवाला पुढे 1992 मध्ये 'निंजेमिस' हे नाव मिळाले, तेही कार्टूनमधल्या निंजा कासवांवरून. शास्त्रज्ञांनाही गंमत सुचते.)

लांबीचा वाद मात्र मिटलेला नाही. 1975 मध्ये मॅक्स हेक्ट यांनी सात मीटरांचा अंदाज दिला आणि लोकांच्या डोक्यात तोच पक्का बसला. 2002 मध्ये स्टीफन रो यांनी तो फुगवलेला ठरवून कमाल लांबी साडेचार मीटरांच्या आसपास आणली. 2004 मध्ये राल्फ मोलनर यांनी पुन्हा सात मीटरांची बाजू घेतली, आणि तिची शेपटी ऑस्ट्रेलियातील लेस घोरपडीसारखी लांब व बारीक धरली तर जवळजवळ आठ मीटर होतील, असेही दाखवले. अडचण इथेच आहे. धडाची लांबी मणक्यांवरून बऱ्यापैकी अजमावता येते, परंतु शेपटीचे प्रमाण दुसऱ्या कोणत्या तरी घोरपडीकडून उसने आणावे लागते, आणि ती कोणती निवडली यावर बराच फरक पडू शकतो.

माझे मत विचाराल, तर सर्वसाधारण मेगालेनिया साडेतीन ते साडेचार मीटरांची असावी आणि एखादी थोराड त्याहून मोठी. हे ऐकून मुलांचे चेहरे उतरतात. तेव्हा मी त्यांना सांगतो, की आज जिवंत असलेल्या घोरपडींत सर्वांत थोर असलेला कोमोडो ड्रॅगन तीन मीटरांच्या आसपास थांबतो, आणि तोसुद्धा रानम्हशीवर चालून जातो.