छातीवर बोटं वाजवून काय कळतं?

“एक्स-रे काढायचाच आहे, तर बोटं कशाला वाजवताय, डॉक्टर?” नाशिकच्या माझ्या दवाखान्यात पेशंटबरोबर आलेलं कुणीतरी हे विचारतंच. गर्दीत उत्तर अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

गच्चीवरच्या टाकीत पाणी कुठवर आहे, हे झाकण न उघडता कसं बघता? वरून खाली टकटक करत येता. पोकळ आवाज जिथे बद्द होतो, तिथे पाणी. लिओपोल्ड औएनब्रुगर या डॉक्टरने हेच छातीला लावलं. तो ऑस्ट्रियातल्या ग्राट्झच्या एका खाणावळवाल्याचा मुलगा. वडील वाइनची पिंपं ठोकून बघत, तिथून त्याला हे सुचलं असं सांगतात. १७६१ मध्ये व्हिएन्नात त्याने पुस्तिका छापली, पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८०८ मध्ये नेपोलियनचे डॉक्टर कोर्व्हिसार यांनी तिचं फ्रेंच भाषांतर केलं, तेव्हा कुठे ही विद्या पसरली. आपल्याकडच्या वायनरीत ओकची पिंपं रांगेने दिसली की मला तो हटकून आठवतो.

सगळ्यांचं लक्ष उजव्या हाताकडे असतं. खरं काम डाव्या हाताचं. डावं मधलं बोट दोन फासळ्यांच्या मधल्या फटीत सपाट, घट्ट टेकवायचं. बाकीची बोटं उचललेली हवीत. ती छातीला लागली की, वाजत्या तबल्यावर तळवा ठेवावा तसा नाद मरतो. उजव्या मधल्या बोटाचा आकडा करून टेकलेल्या बोटाच्या टोकाकडच्या सांध्यावर सरळ आघात करायचा, मनगटातून, कोपरातून नाही, आणि लगेच उचलायचं. मग दुसऱ्या बाजूला तीच जागा, तेवढाच जोर. एकट्या बाजूच्या आवाजाला काही अर्थ नसतो.

निरोगी फुप्फुस घुमतं. न्यूमोनियात तिथलं फुप्फुस भरीव होतं, आवाज बद्द येतो. फुप्फुसाभोवती पाणी साचलं की दगडावर बोट आपटल्यासारखं लागतं. ‘लागतं’ हाच शब्द बरोबर आहे, कारण तो बद्दपणा कानाआधी डाव्या बोटाला कळतो. शिकाऊ डॉक्टरांना मी आधी स्वतःच्या मांडीवर वाजवायला लावतो, मग छातीवर.

याला मर्यादा आहेत. आघात साधारण पाच सेंटिमीटर खोलवरच पोचतो. खोल किंवा लहान गाठ सुटते. एका स्थूल बाईंच्या छातीतलं थोडं पाणी माझ्याकडूनही सुटलं होतं, ते एक्स-रेत दिसलं. ती चूक मी विसरलेलो नाही. पण एक्स-रे रोज काढता येत नाही, बोटं रोज वाजवता येतात.

दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत छाटणीला जाणारा एक मुलगा आला होता. तीन आठवडे बारीक ताप, डावी कूस दुखत होती. पाठीवर डाव्या फऱ्याखाली दोन बोटं उतरलो आणि आवाज दगड झाला. सुईने पाणी काढलं, गवती पिवळं. टीबीची औषधं सुरू झाली. दर तपासणीला बद्द जागेची वरची कड थोडी खाली सरकलेली असायची, ती मी पेनाने पाठीवर आखायचो. तिसऱ्या महिन्यात त्याची आई शेजारी उभी राहून ऐकत होती. मी खालपर्यंत वाजवत आलो, तशी म्हणाली, “आता पक्क्या माठासारखं वाजतंय.”