आईच्या हाताचं प्लास्टर निघालं

आज आईच्या मनगटाचं प्लास्टर काढलं. कटर थांबला तेव्हा टेबलावर पांढरा भुगा सांडला होता. आतून निघालेला हात इतका कोरडा आणि बारीक झालेला, की तिने तो दुसऱ्या हाताने उचलून कितीतरी वेळ न्याहाळला. "जुळलं गं हाड," एवढंच म्हणाली.

माझ्या डोक्यात दिवसभर ते हाडच होतं. हाड म्हणजे सांगाडा, कॅल्शियमचं कोठार, इतकंच शाळेत शिकलो आपण. पण हाड रक्तात हार्मोनही सोडतं! एफजीएफ-२३ हे त्यातलं पक्कं नाव. हाडातल्या पेशी ते बनवतात आणि त्याच्या सांगण्यावरून मूत्रपिंड जास्तीचं फॉस्फेट लघवीवाटे बाहेर टाकतं.

दुसरं ऑस्टिओकॅल्सिन. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या जेरार्ड कार्सेंटी यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं, की हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या अंगात चरबी साठते, रक्तातली साखर वाढते. म्हणजे इन्सुलिन सोडायला हाडच स्वादुपिंडाला चालना देतं, असं त्यांचं म्हणणं. २०२० मध्ये इतर गटांना त्यांच्या उंदरांत हा परिणाम दिसला नाही, त्यामुळे वाद मिटलेला नाही. याच्या नावाने मधुमेहाचं काही विकायला कोणी आलं तर कृपया घेऊ नका.

आईला वीस वर्षांपासून डायबेटिस आहे. संध्याकाळी स्पंजचा बॉल दाबत ती हे सगळं ऐकत होती.

"इतकी वर्षं नुसती साखर तपासली," ती म्हणाली, "हाडांकडे कोणी बघितलंच नाही."

हाडांची घनता तपासायला उद्याच नंबर लावतेय.