सोन्याच्या उपचारांची वही

सोमवार, रात्री

आमच्या कुत्र्याला, सोन्याला, आज व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाचे इंजेक्शन दिले. पुढच्या उजव्या पायावरचे केस भादरलेल्या जागी डॉक्टरांनी शिरेत कॅन्युला, म्हणजे औषध सोडायची बारीक नळी, बसवली, आधी सलाइन सोडून शीर नीट लागल्याची खात्री करून घेतली आणि मगच लहानशा सिरिंजमधले ते पाण्यासारखे दिसणारे औषध आत सोडले. हे औषध शिरेबाहेर थोडे जरी झिरपले तरी तिथल्या मांसाला गंभीर इजा होते, म्हणून तेवढा वेळ त्याने जराही हलून चालत नाही. मी त्याचे डोके छातीशी धरून बसले होते आणि आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत "झालं हं बाळा, झालं" असे म्हणत होती.

त्याच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी लागल्या, तेव्हा तो जेवत होता, खेळत होता आणि त्या दाबल्या तरी तक्रार करत नव्हता. खांद्यांपुढे आणि मागच्या गुडघ्यांमागेही तशाच गाठी निघाल्या. सुईने पेशी काढून तपासल्यावर लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, असल्याचे कळले आणि पुढच्या तपासणीत तो बी-पेशींचा (पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराचा) निघाला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "आधी कुठे स्टेरॉइड सुरू केलं होतं का?" निदानाच्या आधीच प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड दिले गेले असेल तर गाठी तात्पुरत्या बसतात, पण रोगाच्या पेशी नंतरच्या किमोथेरपीला दाद देईनाशा होऊ शकतात, हे मला त्या दिवशी समजले. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्या प्रत्येकाला ही एक गोष्ट ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते.

आकडे त्यांनी स्पष्ट सांगितले. उपचार केले नाहीत तर साधारण एक ते दोन महिने. चार औषधांची 'चॉप' पद्धत वापरली तर दहापैकी आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी बसतात आणि बी-पेशींच्या प्रकारात सरासरी वर्षभराचे आयुष्य मिळते. पूर्ण बरे होणे विरळाच.

आईचा सुरुवातीला या उपचारांना ठाम विरोध होता आणि त्यामागचे कारण मला माहीत होते. माझ्या मामावर परळच्या टाटा रुग्णालयात उपचार झाले, तेव्हा त्याच्यासोबत तिने तिथे किती दिवस काढले, हे तिने आम्हाला अनेकदा सांगितले आहे. आमच्या डॉक्टरांचा दवाखानाही परळलाच आहे. १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय असलेले परळ आणि १९४१ पासून कर्करोगाचे रुग्णालय असलेले परळ एकच, त्यामुळे ठाण्याहून सोन्याला घेऊन जाताना त्या पदपथावर गावाकडून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक फाइली उराशी धरून बसलेले दिसतात. एका कुत्र्यावर एवढा खर्च करणे योग्य आहे का, हा प्रश्न तिथे मनात येतो आणि तो यायलाच हवा. सोन्याचे औषध थांबवल्याने त्यांच्यापैकी कोणाचेही दुखणे हलके होणार नाही, हे मला पटते. तरीही ती माणसे नजरेआड करून पुढे जाणे मला जमत नाही.

आईचे मन वळले ते डॉक्टरांच्या एका वाक्याने. माणसात रोग समूळ जावा म्हणून पुष्कळ सोसायला लावतात. कुत्र्याला त्या सोसण्याचा अर्थ सांगता येत नाही, म्हणून त्याचे डोस बेतानेच ठरवतात आणि रोगापेक्षा औषध जड होऊ लागले तर हात आवरतात. सोन्याचे केसही माणसासारखे गेले नाहीत, फक्त मिशांचे लांब केस गळाले. ते चटईवर सापडतात आणि आई ते एका डबीत ठेवते.

व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीपासून मिळते, हे ऐकल्यावर तिने गॅलरीतल्या कुंडीतल्या पानांचा रस द्यावा का, असे विचारले होते. डॉक्टरांनी निक्षून नाही म्हटले: त्या झाडात इतरही विषारी द्रव्ये आहेत आणि पानातले प्रमाण कोणालाच मोजता येत नाही. कुंडी आता सोन्याचे तोंड पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवली आहे.

गुरुवार

आज तो भाताकडे पाहून वळून गेला. उलटीवरची गोळी दिली आणि तासाभराने उकडलेल्या कोंबडीचे कोमट तुकडे आईच्या हातून खाल्ले. इंजेक्शननंतर साधारण आठवडाभराने पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून या दिवसांत सकाळ-संध्याकाळ ताप पाहते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते आणि १०३ च्या वर गेले तर रात्र असली तरी फोन करायचा आहे. प्रेडनिसोलोनमुळे तहान फार लागते, त्यामुळे पहाटे तीनलाही त्याला खाली न्यावे लागते. त्याची शी-शू उचलताना, लादी पुसताना हातमोजे घालतो, कारण औषधाचा अंश तिथून बाहेर पडतो. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "मुक्या जिवाला कशाला गं एवढा त्रास?" मी त्यांना वर बोलावले आणि तो त्यांच्या पिशवीत नाक खुपसून शेपटी हलवत असताना ही वही दाखवली.

वहीत रोज सात गोष्टींना शून्य ते दहा गुण देते: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. ही मोजपट्टी डॉ. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांनी तयार केली असून, एकूण गुण ३५ च्या वर असतील तर पुढे जाण्यासारखी स्थिती मानतात. या आठवड्यात भूक सोडता सगळे चांगले आहे. त्याला पुढच्या वर्षाची कल्पना नाही, त्याच्याकडे आजचाच दिवस आहे, आणि तो कसा गेला हे पाहण्याची जबाबदारी आमची आहे. "अजून एक औषध देऊन बघू" हे वाक्य आपल्या तोंडून कोणासाठी निघते आहे, हे आकडे समोर असले म्हणजे कळते.

वहीच्या शेवटच्या पानावर आज आईने आणि मी थांबण्याच्या खुणा लिहिल्या. आवडीचे अन्नही सलग दोन दिवस नाकारले, श्वास घेणे जड जाऊ लागले, किंवा बेल वाजल्यावर दाराशी यायचे त्याने सोडले, तर नवे औषध न शोधता डॉक्टरांना घरी बोलवायचे. आईने तिसरी खूण स्वतःच्या अक्षरात लिहिली आणि खाली दोघींनी सह्या केल्या. सोमवारी रक्त तपासायला नेऊ तेव्हा हे पान डॉक्टरांना दाखवून यातली कोणती खूण आधी दिसण्याची शक्यता आहे, ते विचारायचे आहे.