तुम्ही विचारलंत म्हणून : आजचा वेताळ कसा असेल?

बेळगावात रविवारी सकाळी मी मुलांचा चित्रवर्ग घेतो. गेली तीन वर्षं तिथं एकच मोठं काम चाललंय : माझ्या लहानपणचा वेताळ, म्हणजे कॉमिक्समधला मुखवटेवाला फँटम, आजच्या मुलांसाठी नव्यानं उभा करायचा. हे कळलं की माझ्या वयाची माणसं लगेच विचारतात, 'अहो, चांगल्या वेताळाला हात कशाला लावता? आणि लावायचाच तर त्यातलं ठेवणार काय, टाकणार काय?' आजवर उभ्याउभ्या अर्धमुर्धं उत्तर देत आलो. आता बसून नीट सांगतो.

माझ्याकडे वेताळ दोन वाटांनी आला. वडील सरकारी बसवर ड्रायव्हर होते. कोल्हापूरची ड्यूटी लागली की स्टँडवरच्या स्टॉलवरून इंद्रजाल कॉमिक्सचा अंक आणायचे. टाइम्स ऑफ इंडियानं १९६४ च्या मार्चमध्ये सुरू केलेली ही कॉमिक्स १९९० मध्ये बंद पडली. आमच्या घरातले अंक मात्र आईनं सुईदोऱ्यानं शिवून ठेवले होते.

दुसरी वाट आजोळची. आजोळ वेंगुर्ल्याकडे, म्हणून आंबोली घाट उतरून आरवलीला वेतोबाच्या, म्हणजे वेताळ देवाच्या, पाया पडायला जाणं व्हायचं. तिथं देवाला चपला वाहतात. माणसाच्या पायात बसणाऱ्या नव्हेत, चांगल्या हातभर लांबीच्या, जाड चामड्याच्या. आजी सांगायची, देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. इंग्रजीत फँटमला 'चालतं भूत' म्हणतात. मराठीत आणताना ज्यानं कोणी त्याचं नाव वेताळ ठेवलं, त्याला मी मनातल्या मनात आजही हात जोडतो. माझ्यासाठी आरवलीचा राखणदार आणि अंकातला मुखवटेवाला एकच होता. एकाच्या पायात चपला, दुसऱ्याच्या पायात बूट, एवढाच फरक.

आता मूळ गोष्ट. ली फॉक या अमेरिकन लेखकानं १७ फेब्रुवारी १९३६ पासून वर्तमानपत्रातून वेताळाची चित्रमालिका सुरू केली. गोष्टीतलं साल १५३६. चाचे जहाज लुटतात, एकच तरुण जिवंत किनाऱ्याला लागतो, जंगलातले बांदार लोक त्याला वाचवतात. बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून तो शपथ घेतो : लूट, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी मी लढेन, माझ्यामागं माझी मुलं आणि त्यांची मुलं लढतील. आपण वाचला तो त्याच घराण्यातला एकविसावा. त्याला उडता येत नव्हतं, गोळी लागली तर रक्त यायचं. तो मरतच नाही असं लोकांना वाटायचं, हीच त्याची ताकद.

'जुनं आहे तसंच राहू द्या' म्हणणाऱ्यांना मी एवढंच दाखवतो की जुनं कधी तसंच राहिलेलं नाही. फॉकच्या मनात वेताळाचा पोशाख करडा होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पानं सुरू झाली आणि तो जांभळा छापला गेला. इटलीत तो लाल झाला, स्वीडनमध्ये निळा. आपल्याकडे येताना त्याच्या देशाचं नाव बंगालशी घोटाळा नको म्हणून डेंकाली झालं, आणि 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. १९३८ मधला पहिला सुपरमॅनसुद्धा उडत नव्हता, नुसत्या लांब उड्या मारायचा. पहिल्याच अंकात तो मृत्युदंडाच्या वाटेवरच्या एका निर्दोष बाईला सोडवतो आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो. ग्रहबिह उचलणं नंतरचं. प्रत्येक पिढीनं आपल्याला लागेल तसा नायक घडवून घेतला.

मग टाकायचं काय? चारशे वर्षं एकच गोरं घराणं जंगलातल्या काळ्या माणसांचं रक्षण करतंय, आणि ती माणसं ढोलावर निरोप धाडण्यापलीकडं फारसं काही करत नाहीत, हे टाकायचं. लहानपणी ते दिसलं नव्हतं. चाळिशीत अंक पुन्हा उघडले तेव्हा ते टोचलं, आणि ज्याच्यावर जीव लावला त्याच्याबद्दल टोचलं म्हणून जास्त टोचलं. फॉकलाही ते कळलं असावं. पुढं त्यानंच त्या देशाला डॉक्टर लुआगा हा लोकांनी निवडलेला अध्यक्ष दिला.

पण उत्तर त्याच पानांत दडलेलं सापडलं. बाप मेला की पोरगा मुखवटा चढवतो आणि माणूस बदलल्याचं बाहेर कोणाला कळत नाही. हे कोणामुळं जमतं? बांदारांचा मुखिया गुरन आणि त्याच्या लोकांमुळं. वेताळ मरतो हे त्यांना ठाऊक आहे आणि चारशे वर्षांत त्यांनी ते बाहेर फुटू दिलेलं नाही. म्हणजे शपथ जेवढी वेताळाची तेवढीच त्यांची. आमच्या गोष्टीत ती उघडपणे त्यांचीच आहे. मुखवटा कोणाला द्यायचा ते जंगलातली गावं ठरवतात, त्याला रक्ताचं नातं लागत नाही. आमची बाविसावी वेताळ कणकुंबीकडची सतरा वर्षांची पोर आहे. कोणी भुवया उंचावल्या तर सांगतो, सतराव्या वेताळाची बहीण ज्युली हिनं फॉकच्याच गोष्टीत हा पोशाख घातला होता.

नुसते कपडे बदलून भागत नाही. २००४ मध्ये भारतीय स्पायडरमॅन आला, मुंबईचा पवित्र प्रभाकर, खाली धोतर नेसलेला. चित्रं देखणी होती. पण मूळच्या किरणोत्सर्गी कोळ्याच्या चाव्याच्या जागी तिथं एक योगी येऊन शक्ती देतो. आपल्याकडचा मुलगा म्हणजे विज्ञान नको, साधू हवा, हे मला पटलं नाही. आपल्याकडं आणायचं म्हणजे इथल्या मुलाला रोज काय भेडसावतं ते आधी बघायला हवं.

आमच्याकडं काय भेडसावतं ते मुलांनीच सांगितलं. जुन्या वेताळाचं सगळं बळ अफवेत होतं. 'जंगलातली जुनी म्हण' म्हणून त्याच्याबद्दल जे पसरायचं, त्यानंच अर्धे चोर गळपटायचे. सीमेवर राहणाऱ्याला आज अफवा काय करते हे समजावून द्यावं लागत नाही. बसमध्ये दोघांची भाषेवरून बाचाबाची होते, कोणीतरी अर्ध्या मिनिटाची क्लिप काढतो, आणि दुपारपर्यंत इकडच्या गाडीला तिकडं काळं, तिकडच्या गाडीला इकडं. संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या गाड्या बंद. मोबाइल नव्हते तेव्हाही हे व्हायचं. असल्या काही रात्री वडिलांनी सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं गाडी उभी करून काढल्या. एकदा शेजारी महाराष्ट्राची एसटी अडकली होती. दोघा ड्रायव्हरांनी एका डब्यातली भाकरी खाल्ली, मग दगड आला तर काच आत उडू नये म्हणून मिळून दोन्ही गाड्यांच्या खिडक्यांना आतून पोती बांधली. वडील हे फार कमी सांगायचे. मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलं गप्प झाली, आणि आता ती पोती आमच्या अकराव्या पानावर आहेत.

म्हणून आमची वेताळ अफवेवर जगत नाही, ती अफवेच्या मागावर जाते. क्लिप कोणी कोणाला पाठवली, त्याला कोणी दिली, असं उलटं उलटं सात गावं रात्रीची पायी तुडवते. शेवटी तिला अख्खी क्लिप मिळते. तिच्यात बाचाबाचीनंतर ते दोघं एकमेकांना जागा करून देऊन शेजारी बसलेले असतात. ती तोडली कोणी? मलप्रभेच्या पात्रातली वाळू रात्री चोरून नेणाऱ्यानं. गावात दंगा झाला की नाक्यावरचे पोलीस तिकडं जातात आणि त्याच्या लॉऱ्या सुटतात. हे सगळं मुलांनी रचलं. लॉरीच्या नंबरप्लेटवर ओला चिखल फासायचा, पण शेवटचा आकडा अर्धा दिसू द्यायचा, हे एका दहा वर्षांच्या पोरानं न सांगता काढलं.

मोबाइलच्या काळात मुखवटा लपेल कसा, ही माझी मोठी अडचण होती. खानापूरकडचा एक मुलगा म्हणाला, 'रेंजच नसतंय की ओ सर तिकडं.' अडचण तिथंच मिटली. वेताळ राहायचा त्या कवटीच्या गुहेच्या जागी आम्ही भीमगडच्या रानातल्या बारापेडे गुहा घेतल्या, जिथं राउटनचं वटवाघूळ राहतं. जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारा हा जीव. त्या रानाला २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. वटवाघळांना त्रास नको म्हणून मुलांना गुहेकडं नेत नाही, फोटोंवरून काढतो.

सर्वांत जास्त वेळ एका प्रश्नानं खाल्ला. 'सर, ती मराठीत बोलणार की कन्नडात?' वर्गात दोन्ही शाळांची मुलं आहेत. ठरलं असं, की ज्याच्याशी बोलते त्याच्या भाषेत, आणि शपथ दोन्ही लिपींत. मग खरं काम कळलं. देवनागरी शब्द शिरोरेषेला दोरीवर वाळत घातल्यासारखे टांगता येतात. कन्नड अक्षर गोल, त्याला रुंदी जास्त लागते, आणि जोडाक्षराचा ऒत्तु, म्हणजे जोडलेलं दुसरं अक्षर, खाली उतरतो म्हणून दोन ओळींत अंतर जास्त ठेवावं लागतं. आधी फुगा काढून मग आत अक्षरं कोंबली की कोणाची तरी भाषा चिरडते. म्हणून आता आधी दोन्ही अक्षरं लिहितो आणि त्यांच्याभोवती फुगा काढतो.

हे विकत कुठं मिळेल असंही विचारता. मिळणार नाही. वेताळाचे हक्क किंग फीचर्स सिंडिकेटकडे आहेत, त्यामुळे हे आमच्या वह्यांपुरतंच. एकच प्रत, हाताहातांतून फिरणारी.

गेल्या रविवारी शेवटचं पान झालं. म्हातारा गुरन नव्या वेताळला मुखवटा देतो, एवढंच मी सांगितलं होतं. चित्र काढणाऱ्या मुलीनं मुखवट्याबरोबर त्याच्या हातात जुन्या वेताळाच्या चपलाही दिल्यात, टाचेला झिजलेल्या. आरवलीबद्दल मी वर्गात कधी बोललो नव्हतो. तिला विचारलं, चपला कशाला? म्हणाली, 'चालायचं आहे ना तिला.' चपला पोरीच्या पायाला फार मोठ्या होतात, म्हणून शेवटच्या चौकटीत ती खाली बसून अंगठ्याच्या बाजूला चिंध्या कोंबतेय.