फिकट पिवळा

मार्चमधला शनिवार होता. सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने सगळं शरीरच बिघडू लागलेल्या, पेशंटांच्या रक्तातलं जेल्सोलिन नावाचं प्रोटीन मोजणं हा माझा एमडीच्या प्रबंधाचा विषय. सकाळपासून मी एलायझाच्या, म्हणजे रंगावरून प्रोटीन मोजायच्या तपासणीच्या, प्लेटपुढे बसले होते. शेवटी अ‍ॅसिड टाकलं की निळा रंग पिवळा होतो. पिवळा जितका गडद, तितकं जेल्सोलिन जास्त. धडधाकट माणसांचे नमुने हळदीसारखे पिवळे झाले. दोन खळगे मात्र ताकावरच्या निवळीसारखे राहिले. कोड पाहिला आणि पोटात गोळा आला. बेड सातवरच्या मावशी. पायातला जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला, व्हेंटिलेटरवर चौथा दिवस. ते रक्त मीच काढलं होतं.

हेलन यिन आणि थॉमस स्टॉसेल यांनी १९७९ साली हे प्रोटीन जगापुढे आणलं. पेशी फुटल्या की त्यांच्यातलं अ‍ॅक्टिन नावाचं प्रोटीन रक्तात सांडतं, त्याचे धागे होतात. जेल्सोलिन ते धागे तोडतं आणि त्यातच खर्ची पडतं. ते बाहेरून भरून काढलं तर? सेप्सिस झालेले उंदीर त्याने वाचलेत. जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी जेल्सोलिन कोविड न्यूमोनियाच्या पेशंटांनाही चाचणीत देऊन झालंय. म्हणूनच तर मी हट्टाने हा विषय घेतला.

संध्याकाळी आयसीयूबाहेर मावशींचा मुलगा उभा होता. संमतीपत्रावर सही त्याचीच.

"मॅडम, त्या प्रोटीनचं काय आलं?"

खोटं बोलवेना. "खूपच कमी आहे, दादा."

त्याने पिशवीतून खोका काढला. अल्ब्युमिनची, म्हणजे रक्तातल्याच दुसऱ्या एका प्रोटीनची, बाटली. शेजारच्या बेडवाल्यांना आणायला सांगितलेली ऐकून यानेही आणली होती. "हे प्रोटीनच ना? चढवा. अजून आणतो. ऊस गेलाय, बिल आलंय."

हे वेगळं आणि जेल्सोलिन वेगळं, ते अजून कुठल्याच दुकानात मिळत नाही, हे सांगताना माझाच आवाज बसला. त्याचं चुकलं कुठे होतं? कमी झालं तर भरा, हा हिशोब मोठमोठ्यांनी केलाय. सेप्सिसमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड प्रोटीन सी हे रक्तातलं आणखी एक प्रोटीन घटतं, म्हणून तेच औषध म्हणून २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पुढच्या मोठ्या चाचणीत मृत्यू कमी होईनात, तेव्हा २०११ मध्ये मागे घ्यावं लागलं. अल्ब्युमिननेही मृत्यू कमी झाले नाहीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आयसीयूतल्या जवळजवळ सात हजार पेशंटांपैकी निम्म्यांना अल्ब्युमिन दिलं, निम्म्यांना साधं सलाइन. २८ दिवसांत एकीकडे ७२६ गेले, दुसरीकडे ७२९.

"मग आईचं रक्त कशाला घेताय?" त्याने विचारलं. रागाने नव्हे.

"हे प्रोटीन कमी होतं म्हणून माणूस खचतो, की माणूस खचतो म्हणून ते कमी होतं, ते अजून नीट कळलेलं नाही. भरून फायदा होतो का, ते त्यानंतरचं. घाईने भरलं आणि अपायच झाला तर?"

तो बराच वेळ खोक्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मेडिकलवाला परत घेईल का?"

मी सोबत गेले. दुकानदाराने सील उलटसुलट करून पाहिलं, बिलावर माझी सही घेतली, पैसे परत केले. नोटा खिशात कोंबत त्याने विचारलं, "परवा परत रक्त घेणार ना?"

"हो. सकाळी सहाला."

"मग मी पाचलाच येऊन थांबतो."