तुम्ही विचारलंत म्हणून: जर्मन न येता जर्मनीत मार्केटिंगची नोकरी

गणपतीला सांगलीत आले की आमच्या विश्रामबागेतल्या घरी हा प्रश्न येतोच. विचारणारे बदलतात. कधी आईच्या भिशीतल्या काकू, कधी नुकतंच एमबीए झालेला शेजारचा मुलगा, कधी त्याचे वडील. "तुला तिथली भाषा येत नव्हती, मग मार्केटिंगची नोकरी दिलीच कशी तुला?" इंजिनिअरला परदेशात नोकरी मिळते हे सगळ्यांना पटतं. पण मार्केटिंग म्हणजे बोलण्याचा धंदा, मग बोलता येत नसलेल्या माणसाला कोण ठेवून घेईल?

शंका रास्त आहे. माझं उत्तर असं की, कंपनी कुठल्या देशात आहे ते नंतर बघा. आधी तिचं गिऱ्हाईक कुठं बसलंय ते बघा.

मी बर्लिनमध्ये ज्या कंपनीत आहे ती छोट्या कारखान्यांसाठी मालसाठ्याचं सॉफ्टवेअर बनवते. माझ्याकडची गिऱ्हाइकं ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातली. त्यांच्यासाठीच्या जाहिराती, मेल, वेबसाइटची पानं, सगळं इंग्रजीत. खुद्द जर्मनीतली विक्री बघणारी टीम वेगळी आहे आणि तिथं सगळे जन्मापासून जर्मन बोलणारे आहेत. त्या टीमसाठी मी अर्ज केला असता तर पहिल्या चाळणीतच गळले असते, आणि ते बरोबरच झालं असतं.

हे शहाणपण काही बर्लिनचं नाही, मार्केट यार्डातलं आहे. शिक्षण संपल्यावर मी तिथं एका हळद निर्यातदाराच्या ऑफिसात होते. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय मानांकन (अमुक भागाचाच माल म्हणून मिळणारी ओळख) मिळालं, त्याचं शेठना भारी कौतुक. शेठना अरबी येत नव्हती, जपानी तर नाहीच, तरी माल दोन्हीकडं जायचा. परदेशातला खरेदीदार विचारायचा ते ठरलेलं: कुरकुमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) किती टक्के, ओलावा किती, कीटकनाशकाचे अवशेष आहेत का, पॅकिंग कसलं, बोट कधी सुटणार. साध्या इंग्रजीत मेल आणि सोबत लॅबचा रिपोर्ट, एवढ्यावर काम भागायचं. याच शेठची हळद पावडर मात्र पुड्यांतून मिरज, तासगाव, इस्लामपूरच्या दुकानांत जायची आणि तिच्या जाहिरातीची एकेक ओळ ते स्वतः घासूनपुसून घ्यायचे. ती ओळ लिहायला कुणी बाहेरचा हुशार माणूस बसवला असता तर अख्ख्या यार्डानं त्याची टिंगल केली असती. माल एकच, पण पहिल्या कामाला इकडची भाषा लागत नव्हती आणि दुसरं तिच्याशिवाय होत नव्हतं.

तेव्हा भाषा न येता परदेशी जायचं असेल तर पहिल्या जातीचं काम शोधा. गूगलवरच्या जाहिरातींचं बजेट सांभाळणं, आकडे वाचणं, मेलची स्वयंचलित साखळी बांधणं, सीआरएम (गिऱ्हाइकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) नीट ठेवणं, एका धंद्यानं दुसऱ्या धंद्याला विकायच्या सॉफ्टवेअरचं मार्केटिंग. ब्रँडची घोषवाक्यं, पत्रकारांशी संबंध, तिथल्या तिथं होणारे कार्यक्रम, सोशल मीडियावरची गंमतजंमत, ही कामं स्थानिकांची. त्यांच्या वाटेला जाऊ नका. तुम्ही मराठीत कितीही झकास लिहीत असाल, तिथं ते कुणाला कळणार?

माझी निवड ज्या मुलाखतीत झाली तिच्यात गोडगोड प्रश्न नव्हतेच. समोरच्या बाईंनी स्क्रीनवर एका देशाचं जाहिरात खातं उघडलं. मागच्या तिमाहीत एका चौकशीमागचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला होता. "सोमवारी सकाळी कामावर आलात तर आधी काय बघाल?" मी जाहिरातीला हात न लावता ती जिथं नेते तो फॉर्म उघडायला सांगितला. फोन नंबरचा रकाना मध्येच कुणीतरी सक्तीचा केला होता. लोक तिथपर्यंत येत होते आणि नंबर मागितला की पळत होते. यात माझं इंग्रजीसुद्धा फारसं कामाला आलं नाही. हळदीच्या ऑफिसात चौकशीच्या फॉर्मवर जास्तीचं काही विचारलं की मेल कमी यायचे, ते डोक्यात होतं. आणि हेही सांगते की त्या मुलाखतीपर्यंत मला पोचवलं पुण्यातल्या जुन्या कंपनीतल्या एका सहकाऱ्यानं. नुसत्या अर्जांना बहुतेक ठिकाणाहून उत्तरसुद्धा येत नाही.

अर्ज करताना नोकरीची जाहिरात कुठल्या भाषेत लिहिलीय ते बघा. इंग्रजीत असेल तर ऑफिसही बहुधा इंग्रजीत चालतं. झालांडो, डिलिव्हरी हीरो, हॅलोफ्रेश अशा बर्लिनच्या कंपन्यांत देशोदेशीची माणसं आहेत, तिथं इंग्रजीचा व्यवहार नेहमीचा. पूर्ण जाहिरात जर्मनमध्ये आणि शेवटी "इंग्रजीही चांगलं हवं" असं असेल तर वेळ घालवू नका.

आता व्हिसा. 2024 च्या जूनपासून जर्मनीनं चान्सनकार्ट सुरू केलंय, म्हणजे तिथं जाऊन वर्षभर नोकरी शोधायची परवानगी. त्याला जर्मन ए-वन (अगदी सुरुवातीची पातळी) किंवा इंग्रजी बी-टू (बऱ्यापैकी वरची पातळी) यातलं एक चालतं, पण शिक्षण, अनुभव, वय वगैरेंचे मिळून सहा गुण भरावे लागतात आणि खर्चाची सोय दाखवावी लागते. 2025 साली ती महिन्याला 1,091 युरो धरली होती. वर्षाचे किती लाख होतात ते घरी बसून मांडा, मगच पुढचं बोलू. नोकरी हातात असेल तर ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांना नोकरीवर मिळणारा तिथं राहण्याचा परवाना. त्याला भाषेची अट नाही, पगाराची आहे: 2025 मध्ये कर कापण्याआधी वर्षाला 48,300 युरो, आणि पदवी मिळून तीन वर्षं झाली नसतील तर 43,759.80. नवख्या मार्केटिंगवाल्याला हा आकडा गाठणं जड जातं. म्हणून फ्रेशर पोरांना मी सांगते, आधी पुण्यामुंबईत चार वर्षं काढा, नाहीतर तिथं शिकायला जा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र असते (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्याकडच्यांना सत्राला 1,500 युरो), आणि पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं.

त्याच बाडेन-वुर्टेमबर्गवरून एक घोळ होतो. 2024 साली महाराष्ट्र सरकारनं त्या राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून "सरकारच पाठवतंय की आता" असं मला ऐकवलं जातं. तो करार नर्स, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशांसाठी, आणि त्यातही जर्मन शिकणं आलंच. मार्केटिंगचा त्यात संबंध नाही. 'भाषेशिवाय नोकरीची गॅरंटी' म्हणून आगाऊ पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

भाषा न येता नोकरी मिळाली तरी तिथले कायदे येत नाहीत म्हणून चालत नाही. आपल्याकडं दिवाळी आली की नंबरांची यादी कुठून तरी मिळवून हजारभर लोकांना ऑफरचा मेसेज जातो, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. जर्मनीत ज्यानं आधी होकार दिला नाही त्याला जाहिरातीचा मेल धाडणं हा सहसा कायद्याचा भंग ठरतो. म्हणून माणसानं मेल पत्ता भरला की त्याला एक दुवा जातो, त्यावर त्यानं पुन्हा हो म्हटलं तरच तो यादीत येतो. नवीन आलेली भारतीय मुलं इथं हमखास अडखळतात.

आणि हो, मी जर्मन शिकतेय. ऑफिसात लागत नाही, पण घराचा करार, डॉक्टर, सरकारी कचेरीची पत्रं यांना लागते. ब्लू कार्डवाल्याला कायमचा परवाना साध्या ए-वनवर 27 महिन्यांनी मिळू शकतो, बी-वन (मधली पातळी) असेल तर 21 महिन्यांनी. खरी भीती मात्र दुसरीच. कंपनीनं माणसं कमी केली की जर्मन येणारा अख्ख्या देशात नोकरी शोधतो. मला बर्लिन, म्युनिक आणि फार तर हॅम्बुर्ग, त्यातही मोजक्याच कंपन्या.

तुमच्या मुलाचा सीव्ही पाठवा, बघते. फक्त त्यात 'मेहनती' आणि 'टीम प्लेअर' लिहू नका म्हणावं. कशावर किती खर्च केला आणि त्यातून किती आलं, ते लिहायला सांगा. अगदी गल्लीतल्या भडंगवाल्याचं इन्स्टाग्राम पान सांभाळलं असेल तरी चालेल.