डबीतली गाठ

शनिवारी दुपारी काढलेली मानेतली लसिकागाठ (लिम्फ नोड) सोमवारी सकाळी पॅथॉलॉजीत माझ्याकडे ग्रॉसिंगला, म्हणजे कापून पाहायला, आली. पेशंट 24 वर्षांचा. गाठ 3 सेंटिमीटरची, अख्खी, छोट्या डबीत कोंबलेली. फॉर्मॅलिन, म्हणजे ऊतक टिकवणारं द्रावण, जेमतेम ती बुडेल एवढं. निदान दहापट तरी हवं, हे किती वेळा सांगायचं?

आडवा काप दिला. कडा राखाडी, टणक. मध्य गुलाबी आणि पिठासारखा. टेक्निशियन म्हणाला, "केझिएशन दिसतंय, सर." केझिएशन म्हणजे टीबीत दिसणारा चीजसारखा मृत भाग. मला खात्री नव्हती. फॉर्मॅलिन आत सरकतं तासाला फार तर मिलिमीटरभर, खोलवर त्याहून सावकाश. वेष्टण न कापता टाकलेली गाठ आतून नासते. मग हा आजार की हलगर्जीपणा?

लिम्फ नोडमध्ये नुसत्या पेशी पाहून भागत नाही, मांडणी बघावी लागते. लसिका वेष्टणातून आत येते, त्याखालच्या सायनसमधून (पोकळ वाटांमधून) झिरपत मेड्युलाकडे, म्हणजे गाभ्याकडे, जाते आणि हायलममधून, म्हणजे गाठीच्या खाचेतून, बाहेर पडते. कॉर्टेक्समध्ये, म्हणजे बाहेरच्या थरात, बी-पेशींचे गोल पुंजके (फॉलिकल), दोन फॉलिकलच्या मधल्या जागेत आणि खाली टी-पेशींचा पॅराकॉर्टेक्स. लिम्फोमा, म्हणजे या पेशींचा कॅन्सर, बहुतेकदा ही घडीच पुसून टाकतो. सुईच्या तपासणीत ती दिसत नाही, म्हणून तर अख्खी गाठ मागवतो.

काचेवर कडेचा भाग सुरेख: सायनस उघडे, फॉलिकल जागच्या जागी. मध्यात केंद्रकं फिकी, पेशींच्या नुसत्या सावल्या, भोवती प्रतिक्रिया काहीच नाही. म्हणजे नासलेलंच. पण एका कोपऱ्यात दोन ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहातल्या पेशींचे पुंजके, आणि अनेक केंद्रकांच्या लँगहान्स पेशी. टीबीचे जंतू दाखवणारं झेडएन रंगकाम निगेटिव्ह.

ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबीच, असं सर्जनना वाटतं. हॉजकिन लिम्फोमामध्येही ते सापडतात, आणि हॉजकिनच्या पेशी शोधायच्या तर मध्य शाबूत हवा होता. ऑपरेशन थिएटरातच गाठ दुभागून एक तुकडा सलाइनमध्ये सीबीनॅट (टीबीची जनुकीय चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहायला), कापाचे काचेवर टेकवून दोन-तीन ठसे (टच इंप्रिंट), उरलेली 2-3 मिलिमीटरचे काप करून भरपूर फॉर्मॅलिनमध्ये, एवढंच करायचं होतं. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, कल्चर संपलं.

सर्जनचा फोन आला, "एका शब्दात सांगा, एकेटी (टीबीची औषधं) सुरू करू का?"

मी रिपोर्टमध्ये 'ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडिनायटिस (ग्रॅन्युलोमा असलेला गाठीचा दाह), मध्यभाग तपासणीयोग्य नाही' असं लिहिलं आणि शेजारची गाठ मागितली. मेणात बसवलेल्या तुकड्याचे (ब्लॉकचे) आणखी खोल काप काढायला सांगितलेत. त्या कोपऱ्यातली एक मोठी पेशी अजून मला खटकते आहे.